साळवे सरांची राहिलेली ओळ

"हॅलो, शांतवन साळवे. मराठीत बोलतोय."

फोन कुणाचाही असो, साळवे सरांचं पहिलं वाक्य हेच. गॅसवाल्याचा असो, चर्चच्या पाळकांचा असो, नाहीतर दूध संस्थेच्या चेअरमनचा. एकदा मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलेलो असताना खिशातल्या खिशात दाबला जाऊन माझाच फोन त्यांना लागला. सरांनी माझ्याकडं बघत बघत तो उचलला, आणि मराठीत बोलतोय म्हणून मला सांगितलं.

बँकेच्या नावानं कर्ज घ्या म्हणून मागं लागणाऱ्या मुली असतात ना, त्यातल्या एकीची गाठ सरांशी पडली. ती हिंदीत सुरू झाली. सर म्हणाले, मी मराठीत बोलतोय, तुम्ही कशात बोलणार ते आधी ठरवा, मी थांबतो. आणि खरंच थांबले. फोन कानाला लावून एका हातानं काम करत बसले. शेवटी तिनंच फोन ठेवला. सरांना वाईट वाटलं. ठरेना बिचारीचं, म्हणाले.

रांजणगावच्या पंपावर पेट्रोल भरायला एक बिहारी माणूस आहे. त्याच्यापुढं गाडी लावली की सर आधी जाहीर करतात, "मैं हिंदी में बोल रहा हूँ," आणि मग म्हणतात, "पाचशे का टाको." तो माणूस आता लांबून सरांना बघितलं तरी हसतो आणि सांगतो, हम भी हिंदी में सुन रहे हैं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहिले की तिथंही सुरुवात तीच. हे प्रभू, मराठीत प्रार्थना करतोय. पाळकांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन समजावलं की देवाला सगळ्या भाषा कळतात. सर म्हणाले, त्याला कळतात हो, पण सांगायला आपलं काय जातं.

हे खूळ आलं कुठून ते सांगायला थोडं आमच्या धंद्यात शिरावं लागेल. घाबरू नका, उंबऱ्यापर्यंतच नेतो. शिरूरला एका मेडिकलच्या दुकानावर आमचं दोघांचं ऑफिस आहे. मी पाटसचा, म्हणून सर मला पाटसकर म्हणतात. माझं खरं नाव त्यांना आठवतं की नाही, मला शंका आहे. आम्ही प्रोग्रॅम लिहून देतो. गिऱ्हाइकं थोडी, त्यात मोठं एकच, आणि त्याच्यावरच आमची चूल पेटते. ती म्हणजे एक दूध संस्था. दौंडकडच्या गावांपासून तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत तिची संकलन केंद्रं. शेतकऱ्यानं केंद्रावर दूध घातलं की त्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. नाव, सकाळ का संध्याकाळ, गाय का म्हैस, किती लिटर, फॅट किती. सगळं मराठीत. तो मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम साळवे सरांचा.

आता ही सगळी नावं डेटाबेसमध्ये असतात. डेटाबेस म्हणजे गोदाम समजा. नाव पाहिजे झालं की प्रोग्रॅम गोदामाचं दार वाजवतो, त्याला आम्ही कनेक्शन म्हणतो. दार उघडल्याबरोबर आधी एक सांगायचं असतं, बाबा रे, मी यूटीएफ-एट मधली अक्षरं मागणार आहे. एका ओळीचं काम. ती ओळ लिहिली नाही तर गोदामवाला आपल्या मनानं जुनं इंग्रजी धरून चालतो, आणि मराठी अक्षर हाताला लागलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह देऊन मोकळा होतो. आत नाव धडधाकट असतं. बाहेर येतात ती नुसती प्रश्नचिन्हं.

पुष्कळ ठिकाणी गोदामवाला आपोआप बरोबर लिपी धरतो, ओळ नाही लिहिली तरी चालून जातं. पण असं कुणी सरांसमोर बोललं की संपलं. "गृहीत धरलं की गेलं," सर म्हणायचे. "जोडलं की आधी सांगायचं." नवीन माणूस कामाला आला की पहिला आठवडा त्याला दुसरं काही ऐकायला मिळायचं नाही. दोघं तर एवढ्यावरच पळून गेले.

ओळ चालते का ते बघायला सरांनी एक माणूस जन्माला घातला होता, ज्ञानेश्वर क्षीरसागर. सगळी अवघड जोडाक्षरं नावातच. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डेटाबेसमध्ये सर आधी क्षीरसागरला आत घालायचे, बाहेर काढायचे, तोंड नीट दिसतंय ना बघायचे, आणि नंतर पुसायला विसरायचे. एका पतसंस्थेनं त्या क्षीरसागरला वार्षिक सभेचं आमंत्रण पाठवलं, आणि दिवाळीला त्याच्या नावचा मिठाईचा बॉक्स काढला. बॉक्स न्यायला कोणी येईना, तेव्हा मॅनेजरनं आम्हाला फोन केला. सर जाऊन क्षीरसागरच्या वतीनं सही करून बॉक्स घेऊन आले. सोनपापडी होती.

आणि प्रश्नचिन्हावर तर त्यांचा एवढा राग की ते स्वतः ते कधी वापरायचेच नाहीत. व्हॉट्सॲपवर विचारायचं असलं तरी शेवटी टिंब. "पाटसकर, उद्या येणार." आता हा प्रश्न आहे का हुकूम, ते माणसानं कसं ओळखायचं? मी आपला सुट्टी असली तरी जायचो.

असा हा माणूस. लग्न केलं नाही. मिशनच्या जुन्या आवारात दोन खोल्यांत एकटा राहतो, कपडे स्वतः इस्त्री करतो, चहात साखर घालत नाही आणि वर दोन बिस्किटं जास्त खातो. त्यांना या जगात त्या एका ओळीशिवाय कशाची काळजी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात मात्र सरांचं काहीतरी बिघडलं. ऑफिसला आले की आधी तळेगाव ढमढेरे केंद्राचा स्क्रीन उघडायचे, सकाळचं संकलन वरपासून खालपर्यंत बघायचे आणि बंद करायचे. संध्याकाळी परत तेच. मी विचारलं तर म्हणायचे, सहज. चहा पुढ्यात गार व्हायचा. बिस्किटं तशीच राहायची. आणि अशात आमचं जुनं मशीन बदलून सगळं नव्या सर्व्हरवर हलवायचं निघालं. मी म्हटलं मी करतो, तर म्हणाले, नाही, कनेक्शनचं मी लिहिणार. मला वाटलं, चला, कामात मन रमेल.

मंगळवारी रात्रीपर्यंत सगळं हललं. बुधवारी सकाळी मी दात घासत होतो तेव्हापासून फोन वाजायला लागला.

गावोगाव मेसेज गेले होते, आणि प्रत्येक मेसेजात नावाच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. पुढचं सगळं ठणठणीत मराठीत. सकाळ, म्हैस, साडेपाच लिटर. आता शहरातला माणूस म्हणाला असता, मोबाईल बिघडला. पण आमच्याकडचा शेतकरी. त्याच्या दुधापुढं कुणी प्रश्नचिन्हं लावली तर तो काय समजणार? दौंडकडच्या केंद्रावर किसनआप्पा म्हणून म्हातारे आहेत, त्यांनी मोबाईल सगळ्यांना दाखवला आणि कॅन खाली ठेवून तिथंच मांडी घातली. जन्मात दुधात पाण्याचा थेंब घातला न्हाई, संस्थेनं शंका मागं घेतल्याबिगर एक थेंब घालणार न्हाई, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या शेजारी आणखी चार कॅन येऊन बसले. एक जण तर, निवडणूक जवळ आली म्हणून माझं नाव सभासदांतनं उडवलं, असं म्हणत थेट संचालकाच्या दारात गेला.

संस्थेचे चेअरमन आबा जीप घेऊन आमच्या ऑफिसात आले. एरवी आबा बोलायला लागले की खालचा मेडिकलवाला गोळ्या मोजायची थांबतो. त्या दिवशी हळू बोलले, म्हणून मला जास्त भीती वाटली. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस महिनाभर मागं लागला होता. मेसेज बंद करून सगळं ॲपवर, इंग्रजीत. आबांनी आत्तापर्यंत त्याला थोपवून धरलं होतं. आता उद्या संध्याकाळी संचालकांची मीटिंग, आणि तिथं आबा कोणत्या तोंडानं आमची बाजू घेणार?

"मास्तर," आबा जाताना म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या हातनं झालं असतं तर मी समजलो असतो."

आबा गेल्यावर मी कनेक्शनची फाईल उघडली. मला वाटलं सर्व्हरवाल्यांनी काहीतरी घोळ घातला असेल. वर बघितलं, खाली बघितलं. ओळ नव्हती. साळवे सरांनी कनेक्शन लिहिलं होतं, आणि ओळ लिहिली नव्हती. आमच्या गावात पुजारी देवाला आंघोळ घालायची विसरला तरी मला एवढा धक्का बसला नसता.

मी खुर्ची सरकवून सरांना दाखवलं. त्यांनी ओळ लिहिली, क्षीरसागरला बाहेर काढून बघितलं, नाव नीट आलं. संपलं काम. संध्याकाळचे मेसेज व्यवस्थित जाणार होते. पण सर कीबोर्डवरून हात काढीनात.

मी विचारलं, सर, काय झालंय ते सांगणार आहात का?

"करुणाचं दूध येत नाही," सर म्हणाले.

करुणा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मला त्यांना बहीण आहे हेच माहीत नव्हतं. सरांचे वडील मिशनच्या शाळेत हेडमास्तर, शिस्तीला कडक. करुणानं तळेगाव ढमढेऱ्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केलं, जातीबाहेर, धर्माबाहेर. वडिलांनी दार लावून घेतलं आणि सरांनी आतून कडीला हात लावला नाही. वडील गेले तेव्हा ती मातीला आली होती. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होती. सरांनी तिला बघितलं, पण माणसांतून उठून तिच्याकडं जाणं काही त्यांच्याच्यानं झालं नाही. मग रोज उद्या जाऊ, उद्या जाऊ करता करता केस पांढरे झाले.

पुढं दूध संस्थेचं काम आलं, आणि तळेगावच्या सभासदांची नावं भरताना तिचं नाव आलं. तेव्हापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी सर बघायचे. करुणानं दूध घातलं. म्हणजे उठली, धार काढली, केंद्रापर्यंत चालत आली. म्हणजे बरी आहे. एवढ्या वर्षांत एक वेळ चुकली नव्हती. आणि आता ईस्टरच्या आधीपासून तिच्या नावापुढं काही नव्हतं.

"एकदम बंद नाही झालं," सर म्हणाले. "आधी कमी होत गेलं. चार लिटर होतं ते तीन झालं, मग दोन. मग एकच वेळ यायला लागलं. मग थांबलं. माणूस खंगत जातो तेव्हा असंच होतं ना, पाटसकर."

त्यांचे डोळे भरले होते, आणि मला हसू येत होतं, आणि हसलो असतो तर मला नरकातसुद्धा जागा मिळाली नसती.

"सर," मी म्हटलं, "म्हैस आटली आसंल."

"आटली म्हणजे."

आता बघा. हा माणूस इतकी वर्षं दुधाचा प्रोग्रॅम चालवतोय. फॅट, डिग्री, लिटर, सगळं याच्या हाताखालून जातं. पण वाढला मिशनच्या आवारात, दूध बघितलं ते पातेल्यात. मी त्यांना समजावून सांगितलं की म्हैस काही नळ नव्हे. गाभण राहिली की दिवस भरत येतील तसं दूध कमी होतं, मग ती आटते, दोन-तीन महिने मालकही धार काढत नाही, व्याली की परत सुरू. प्रत्येक घरात हेच चालतं.

सरांनी दबक्या आवाजात विचारलं की असं सगळ्याच म्हशींचं होतं का. मी म्हटलं, सगळ्यांचंच. तेव्हा त्यांनी कबूल केलं की मधेच दोन-तीन महिने गायब होणारे सभासद हे संस्थेवर नाराज होऊन जातात असं ते धरून चालले होते, आणि त्यांच्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक खास मेसेज होता. "आपण दूध बंद केल्याचे दुःख आहे. आमचे काही चुकले असल्यास क्षमस्व." म्हशी आटल्या म्हणून इतकी वर्षं आम्ही पंचक्रोशीची क्षमा मागत होतो. कुणी तक्रार केली नाही. लोकांना वाटलं असेल, संस्थेला संस्कार आहेत.

"मग ती बरी असेल," सर म्हणाले.

मी म्हटलं, ते इथं बसून कसं कळणार, उठा. सर म्हणाले, उद्याची मीटिंग आहे, तयारी करायला पाहिजे. मी म्हटलं, सर, जोडलं की आधी सांगायचं हे तुम्ही आख्ख्या तालुक्याला शिकवलं, आणि सख्ख्या बहिणीला काही सांगितलं नाही, आता मला मीटिंगचं नाव सांगू नका. असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. सर उठले.

माझ्या मोटारसायकलवर निघालो. शिरूर सोडायच्या आधी सरांनी फळांच्या गाड्यापाशी थांबायला लावलं आणि मोसंबी, नारळपाणी, ग्लुकोजची पुडी असं सगळं घेतलं. मी म्हटलं, सर, आजारी कुणी नाही, म्हैस गाभण आहे. म्हणाले, असू द्या जवळ. रांजणगावला शिफ्ट सुटलेली, कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता अडलेला. मागं सर मोसंब्यांची पिशवी पोटाशी धरून बसलेले. शिक्रापूरपासून आत वळलो तसा त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

तळेगावच्या स्टँडजवळ जीपगाड्या लागतात. तिथं एक बाई उभी होती, पन्नाशीच्या पुढची, इस्त्रीची साडी, खांद्याला कापडी पिशवी. शिरूरची जीप भरायची वाट बघत होती. मला काय माहीत कोण. पण सर म्हणाले, थांबवा, आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरले.

दोघंही नुसते एकमेकांकडं बघत होते. जीपवाला शिरूर, शिरूर करून ओरडत होता. बोलली ती आधी.

"दादा, तू बरा हायस ना?"

सरांनी मान हलवली.

"शेजारणीच्या मोबाईलवं सकाळी नुसती प्रश्नचिन्हं आली," ती म्हणाली. "समद्या गावाला तसंच. लोक काय काय बोलत व्हते. मी म्हटलं, न्हाई, दादाच्या हातनं असं व्हत न्हाई. दादाला काय तरी झालंय. घरात लक्ष लागंना. म्हनून निघाले व्हते."

केंद्रावरच्या सेक्रेटरीनं तिला कधीच सांगितलं होतं की हे मेसेज तुझ्या भावाच्या प्रोग्रॅमातून येतात. मग तीही सकाळ-संध्याकाळ मेसेज बघायची. स्वतःची म्हैस आटल्यावर शेजारणीचा बघायची. आला, म्हणजे दादाचं बरं चाललंय. मी गाडी स्टँडला लावायच्या निमित्तानं लांब गेलो, कारण मला तिथं उभं राहवेना. एवढे जवळ, मधी एक रस्ता, आणि दोघांनी एवढी वर्षं दुधाच्या हिशेबावर काढली.

तेवढ्यात मला आबांचा फोन आला. उद्याच्या मीटिंगचं बोलायला साळवे मास्तर आत्ता येणार ना, विचारत होते. मी म्हटलं, आबा, सर बहिणीकडं आलेत, तळेगावला. तालुक्यात कुणाचं काय, हे आबांना ठाऊक नसतं असं होत नाही.

"करुणाकडं?" आबा म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या. त्येंना म्हणावं, जेवून या निवांत. पुण्यावाल्याला मी बघतो. आन् किसनआप्पाला तेवढं एक सॉरी मेसेज टाका, नावानिशी."

घर स्टँडपासून जवळच होतं. मालक उसाला पाणी द्यायला गेलेले. करुणाताईंनी मोसंबी, नारळपाणी आणि ग्लुकोज बघितलं आणि कोण आजारी आहे म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, असू दे जवळ. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी म्हैस कुठं आहे ते विचारलं. ताईंनी गोठ्यापाशी नेलं. लिंबाच्या सावलीत बांधलेली, पोट खाली आलेलं, सावकाश रवंथ करत होती. पूर्वी दोन होत्या, दुसरी गेल्या दिवाळीला विकली, म्हणून यंदा दूध पुरतं थांबलं, असं करुणाताईंनी सांगितलं. सर म्हशीच्या जवळ जायला भीत होते. ताईंनी त्यांचा हात धरला आणि म्हशीच्या पाठीवर ठेवला. सरांनी तो काढला नाही. तोंड तिकडं करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

करुणाताईंनी त्यांना रडू दिलं. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "महिन्याभरात व्यायील ही. पहिला चीक तुलाच ठेवीन. पर मी शिरूरला धाडायची न्हाई, आधीच सांगून ठेवते. तूच यायचंस न्यायला."

"येईन," साळवे सर म्हणाले. मग म्हशीकडं बघत पुन्हा म्हणाले, "येईन मी."